निळ्या रंगाची उसनी नावे



इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रुमानियन या पाच भाषा लॅटिनच्या लेकी होत. हिरव्या रंगाचे नाव त्यांना आईकडूनच मिळाले. लॅटिन 'विरिदिस'पासून फ्रेंचमध्ये 'व्हेर' झाले आणि उरलेल्या चौघींत 'वेर्दे'. निळ्या रंगापाशी मात्र हा वारसा तुटतो. फ्रेंच 'ब्लो', स्पॅनिश 'आसूल' आणि रुमानियन 'आल्बास्त्रु' यांत कोणतेच कौटुंबिक साम्य नाही. असे का व्हावे?

रोमन लोकांना निळा रंग नीट दिसतच नव्हता, अशी शंका एकेकाळी घेतली गेली. होमरच्या काव्यातील रंगवर्णने तपासून ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली प्राचीन ग्रीकांच्या रंगज्ञानाविषयी असाच तर्क केला होता. परंतु इ. स. ७९ मध्ये राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई नगरातील भिंतींवर निळा रंग आढळतो. लॅटिनमध्ये 'कायरुलेउस' हा शब्दही होता. तो आकाशाला लावीत, तसाच हिरवट समुद्रालाही. तेव्हा दृष्टी शाबूत होती. लोकांच्या बोलीतून गळाला तो शब्द. ग्रंथांत तो उरला, बाजारात उरला नाही.

ही रिकामी जागा प्रत्येक लेकीने आपापल्या परीने भरली. फ्रेंचांनी आपल्यावर राज्य करणाऱ्या जर्मानिक फ्रँक लोकांचा 'ब्लाओ' घेतला. गंमत अशी की, त्याच मुळातून आलेला मानला जाणारा लॅटिन 'फ्लावुस' हा शब्द पिवळ्या रंगाचा वाचक होता. रुमानियनने घरचीच वस्तू नव्याने वापरली. 'आल्बुस' म्हणजे पांढरा. त्यावरून पांढुरका आणि पुढे निळा, असा 'आल्बास्त्रु'चा अर्थ सरकत गेला.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांचा शब्द सर्वांत दुरून आला. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांत एक गर्द निळा दगड सापडतो. फारसीत त्याला 'लाजवर्द' म्हणत. अरबीत तो 'लाझवर्द' झाला. व्यापाऱ्यांबरोबर हा शब्द युरोपात पोहोचला, तेव्हा आरंभीचा 'ल' हा नामामागे लागणारे उपपदच आहे, असे समजून लोकांनी तो गाळला. उरले ते स्पॅनिश 'आसूल', इटालियन 'आझ्झुर्रो', फ्रेंच 'आझ्युर'. दगडाच्या 'लापिस लाझुली' या नावात मात्र तो 'ल' अद्याप शाबूत आहे. या दगडाच्या पुडीपासून होणाऱ्या रंगाला इटलीत 'समुद्रापलीकडचा' अशा अर्थाचे नाव पडले. तो इतका महाग असे की, चित्रकार मेरीमातेच्या वस्त्रासाठी तो राखून ठेवीत.

एकाच दगडातून निघालेल्या या शब्दांचे पुढील आयुष्य निरनिराळे झाले. स्पेनमध्ये 'आसूल' हा रोजच्या व्यवहारातला निळा आहे. फ्रान्समध्ये 'आझ्युर' काव्यात आणि कुलचिन्हांच्या परिभाषेत राहिला. १८८७ साली स्तेफां लिएजार यांनी आपल्या पुस्तकाला दिलेल्या नावामुळे फ्रान्सचा भूमध्य किनारा 'कोत दाझ्युर' म्हणून ओळखला जाऊ लागला. इटलीत 'आझ्झुर्रो' म्हणजे आकाशी. गडद छटेसाठी तेथे फ्रेंचांकडून 'ब्लू' घेतला गेला.

शब्दांचे नाते लावताना सावध राहावे लागते. पणजीतील मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या चित्रफरशा आहेत. पोर्तुगीजमध्ये त्यांना 'अझुलेझु' म्हणतात. हा शब्द 'अझूल'वरून आला असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु तो निघाला अरबी 'झुलैज'वरून, आणि त्याचा निळ्या रंगाशी मुळात संबंध नाही.

खुद्द भारताचा वाटा आणखी एका शब्दात आहे. संस्कृत 'नील' फारसीत 'नील' म्हणूनच गेला. अरबीत उपपद जोडून तो 'अन्‌नील' झाला आणि पोर्तुगीजमध्ये 'अनील'. अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ ज्या जहाजांतून पश्चिमेकडे जाई, त्यांवरील खलाशांच्या तोंडी हा शब्द होता. पुढे नीळ तापवून मिळालेल्या द्रव्याला रसायनशास्त्रज्ञांनी 'अ‍ॅनिलिन' म्हटले, तेही यावरूनच.

भाषेच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. स्पॅनिश माणूस डोक्यावरच्या आकाशाचा रंग सांगतो तो बदख्शानच्या खाणीतील शब्दाने, आणि त्या शब्दाला तो परका म्हणत नाही.