नऊ एकांचा वर्ग

वडगाव निंबाळकरहून बोलतोय. आजचा भाग एकाच संख्येवर. कागद-पेन असेल तर लिहून घ्या: १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि परत एकवर उतरायचं. सतरा अंक झाले. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी स्थानांची नावं दिली आहेत, त्याप्रमाणे डावीकडचा पहिला एक 'मध्य' या स्थानावर येतो. त्याच्या पुढचं स्थान म्हणजे परार्ध!

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर ६१७४ मुळे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांनी 'डेम्लो' संख्यांवरही काम केलं. हे नाव त्यांनी एका रेल्वे स्टेशनवरून घेतलं. आपली ही संख्या त्याच घराण्यातली. १११११११११ ला त्याच संख्येने गुणा, हीच मिळेल.

आता, असं का होतं? शाळेत करतो तसा उभा गुणाकार मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या रकान्यात नऊ. पुढे पुन्हा उतरण. कुठलीच बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. सगळी गंमत एवढ्यावरच उभी आहे. अंकांची बेरीज करून बघा: ८१. म्हणजे नऊ ओळींतले सगळे एक मोजले, बस्स.

मग दहा एक घेतले तर? मुलं पटकन म्हणतात, तसंच पुढे चालणार. नाही चालत. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा पुढच्या नऊत जातो, तिथेही दहा. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ चढणीवरून गायब! अंकांची बेरीज १०० हवी होती, आली ८२. कारण प्रत्येक हातचा एका रकान्यातून दहा उचलतो आणि शेजारी एकच ठेवतो, म्हणजे नऊ कमी. दोन हातचे, अठरा कमी. हिशेब चोख लागतो.

आता मुद्द्याचं. नऊ एकांचा हाच वर्ग एक्सेलमध्ये करा. तिथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल, कारण एक्सेल पंधराच अंक जपतं, पुढे शून्यं भरतं. पण विषम संख्येचा वर्ग विषमच असतो. शेवटी शून्य येईलच कसं? हे सातवी-आठवीचं पोरगं पकडू शकतं.

नमुना नऊ वेळा जमला म्हणून दहाव्यांदा जमेल असं नसतं, आणि स्क्रीनवर दिसलं म्हणून ते खरं असंही नसतं. 'का' विचारलं की दोन्ही ठिकाणी वाचतो आपण.

जाता जाता गृहपाठ: १२३४५६७९ ला ९ ने गुणा. यातही आठ नाही बरं का. उत्तर आलं की आजच्या भागाशी त्याचं नातं शोधा. भेटू पुढच्या भागात.