गुलबक्षीचे फूल आणि रक्ताचा गट



पाळण्यातले मूल बघायला आलेल्या बाया आधी काय बोलतात? नाक आजीचे, कपाळ बापाचे! असे जुळले म्हणजे घर खूष. जुळले नाही, की कुजबूज सुरू होते आणि ती सारी बाळंतिणीच्या वाट्याला येते. त्याबद्दलच आज आम्ही बोलणार आहो.

प्रत्येक गुणाचे एक बीज आईकडून येते, एक बापाकडून. शास्त्रात त्याला जनुक म्हणतात. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याची रोपे लावून हे ताडले व १८६६ साली छापले. उंच व ठेंगू वाटाण्यांचा संकर केला, तर सगळी रोपे उंच निघाली. ठेंगूपणा दबून बसला होता. पुढच्या पिढीत तो परत वर आला.

पण सगळीकडे एक वरचढ व एक दबलेला, असे नसते. परसातली गुलबक्षी घ्या. शुद्ध तांबडी व शुद्ध पांढरी यांचा संकर केला, तर फूल येते गुलाबी! तांबड्या रंगाचे बीज एकच मिळाले, म्हणून रंग फिका. त्या गुलाबी झाडाचेच आपसातले बी पेरा. साधारण चारांत एक झाड तांबडे, दोन गुलाबी, एक पांढरे.

आता आपले रक्त. ए, बी आणि ओ हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात दाखवले. ए आणि बी एकमेकांना दाबत नाहीत. दोन्ही बीजे मिळाली तर दोन्ही दिसतात, गट होतो एबी. ओ मात्र दोघांखाली झाकतो. म्हणून बाप ए, आई बी आणि पोर ओ, असे होऊ शकते बरं का! दोघांकडेही ओचे बीज झाकलेले असले, म्हणजे झाले. एवढ्यावरून बायकोवर संशय घेणारा नवरा कितीही शिकलेला असो, आम्ही त्याला अडाणीच म्हणू.

याहून नवलाची गोष्ट मुंबईची आहे. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळेच रक्त दाखवून दिले. नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसे, पण ओ रक्तही त्याला चालेना. त्याचे नाव पडले बाँबे गट. ए किंवा बी रक्तपेशीवर बसतो, तो एच नावाच्या पदार्थावर. हा एच करणारी बीजे निराळी. ती दोन्ही बिघडलेली आली तर एच होतच नाही. भिंतच नाही, तर गिलावा कशाला लावणार? मग आई एबी असूनही मूल ओ असल्यासारखे दिसते.

अशा माणसाला ओचे रक्त दिले, तर जिवावर बेतते. त्याला बाँबे गटाचेच रक्त लागते. म्हणूनच पिशवीतले रक्त रोग्याच्या रक्ताशी आधी जुळवून पाहतात. तेवढा वेळ लागला तर दवाखान्यात आरडाओरडा करू नये.

मामाच्या मुलीशी लग्न, अशी जवळची सोयरीक असली की एकच बिघडलेले बीज दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. आईबापांना मात्र त्याचा काही त्रास नसतो, त्यांना ते ठाऊकही नसते.

घरात कोणाचा बाँबे गट निघाला, तर सख्ख्या भावंडांचे रक्त लगेच तपासून घ्यावे. प्रत्येकाचा तोच गट असण्याचा संभव चारांत एक असतो. बाहेर शोधायला गेले, तर हजारो माणसांत एखादा सापडतो.