अळंबीची खोली आणि शेजाऱ्याची झोप

(अळंबी उत्पादक, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यात पावसाने जोर धरला की वारुळांवर, आपल्या बोलीत रोयणींवर, उगवणारी रानअळंबी पानांत बांधून बाजारात येतात आणि हा हा म्हणता संपतात. ती निसर्गाची देणगी आहे. तिचा हंगाम थोडा आणि मागणी मोठी. घरच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर वाढविता येणारी धिंगरी अळंबी मात्र हंगामाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसते. थोड्या जागेत, थोड्या भांडवलात होणारा हा उद्योग अनेक कुटुंबांना आणि महिलांच्या स्वयंसाहाय्य गटांना जोडधंदा म्हणून उपयोगी पडतो. परंतु आपल्या वाड्यांवरील घरे एकमेकांस लागून असतात. लागवडीच्या खोलीला बसविलेला एक्झॉस्ट पंखा रात्रभर घोंघावू लागला की शेजारच्या घरातील आजारी माणसाची झोप मोडते, परीक्षेला बसलेल्या मुलाचे लक्ष उडते आणि वर्षानुवर्षांच्या शेजारधर्माला तडा जातो. आज याच प्रश्नाविषयी मी आपल्याशी बोलणार आहे. माझे शिक्षण कलाशाखेतील. त्यामुळे शास्त्राची परिभाषा शक्य तितकी टाळून विषय मांडतो.

तक्रार आली की बहुतेक ठिकाणी एकच उपाय योजला जातो, तो म्हणजे रात्री पंखा बंद करणे. शेजारी शांत झोपतो, पण पिकाचे नुकसान होते. अळंबी ही हिरवी वनस्पती नव्हे. आपल्याप्रमाणेच ती प्राणवायू घेते व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. पेंढ्यात बीज पसरण्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिला हवा फारशी लागत नाही. मात्र पिशव्यांवर कळ्या दिसू लागल्या की ताजी हवा अत्यावश्यक ठरते. ती न मिळाल्यास देठ लांबतात, छत्री लहान राहते आणि असा माल बाजारात पडून राहतो. म्हणजे पंखा चालविला तर शेजारी दुखावतो आणि बंद केला तर पीक बिघडते. या पेचातून सुटण्याचा मार्ग असा, की हवा कमी न करता आवाज कमी करावा. हे अशक्य नाही. कारण पंख्याचा बराचसा आवाज हा कामाचा नसून चुकीच्या निवडीचा आणि चुकीच्या बसवणुकीचा असतो.

प्रथम आपल्या खोलीची गरज मोजावी. वीस फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीत 2,000 घनफूट हवा मावते. तासाला सहा वेळा ती बदलावयाची म्हटल्यास मिनिटाला 200 घनफूट हवा पुरते. बाजारात सहज मिळणारा बारा इंची जलद गतीचा पंखा मोकळ्या जागेत याच्या कित्येक पट हवा फेकतो. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटातून हवा ओढून खोली थंड ठेवावयाची असेल तर अधिक हवा लागेल, हे खरे. पण एरवी ही जादा हवा पिकाला अपायकारकच ठरते. अळंबीला 80 ते 90 टक्के आर्द्रता हवी असते. जोरदार पंखा ती ओल बाहेर ओढून नेतो आणि पुन्हा पुन्हा पाणी फवारावे लागते. गरजेपेक्षा मोठ्या वेगाच्या पंख्याने आवाज, वीज आणि पाणी या तिन्हींचा अपव्यय होतो.

दुसरी गोष्ट वेगाची. पंख्याचा वेग मिनिटाला 1,440 फेऱ्यांवरून 960 फेऱ्यांवर, म्हणजे दोन-तृतीयांशावर आणला, तर हवाही दोन-तृतीयांश होते. परंतु पंखा फिरविण्यास लागणारी शक्ती एक-तृतीयांशाहूनही कमी होते आणि आवाज सुमारे 9 डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलची घट मानवी कानाला आवाज जवळजवळ निम्मा झाल्यासारखी वाटते, हे लक्षात घेतले म्हणजे या 9 डेसिबलचे मोल कळेल. हवा तितकीच हवी असेल तर थोडा मोठ्या पात्यांचा, पण मंद गतीचा पंखा घ्यावा. मोठ्या आकारामुळे आवाजातील लाभ काहीसा घटतो, तरीही पारडे मंद पंख्याकडेच झुकते. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर मात्र कोणत्याही मोटारीला जोडू नये. काही मोटारी त्यामुळे गुणगुणतात, तापतात आणि जळतात. आधी जाणत्या वायरमनला विचारावे.

तिसरी गोष्ट हवा आत येण्याच्या वाटेची. पंखा हवा बाहेर टाकतो, पण तितकीच हवा आत यावयास हवी. दार-खिडक्या घट्ट बंद आणि आत येण्यास हातभर फट, अशी स्थिती असेल तर पंखा धापा टाकतो; आवाज वाढतो आणि काम घटते. आत येणारी वाट पंख्याच्या तोंडाएवढी तरी असावी. तिला माश्या अडविणारी बारीक जाळी लावली असेल तर ती आणखी मोठी ठेवावी, कारण जाळीच हवेची बरीच वाट अडविते. ही जाळी पात्यांना चिकटून बसवू नये; तसे केल्यास शिट्टीसारखा आवाज येतो. हे न पाहता आवाजरोधक पेटी आणणे म्हणजे आधी कळस, मग पाया.

चौथी गोष्ट कंपनाची. पत्र्याच्या भिंतीवर किंवा फळीवर पंखा सरळ खिळविला की ती सारी भिंत ढोलाच्या कातड्याप्रमाणे वाजू लागते. पंखा चिऱ्याच्या भक्कम भिंतीत अथवा स्वतंत्र चौकटीवर बसवावा. चौकट आणि भिंत यांमध्ये जाड रबराचे तुकडे द्यावेत. पुढे नळ जोडावयाचा असल्यास मधला वीतभर भाग ताडपत्रीच्या कापडाचा करावा, म्हणजे कंपन नळात उतरत नाही. पात्यांवर अळंबीचे सूक्ष्म बीजकण व धूळ यांची पुटे चढतात, तोल बिघडतो आणि पंखा थरथरू लागतो. आठवड्यातून एकदा वीज बंद करून पाती पुसावीत, बेअरिंग तपासावे. हे करताना तोंडाला मास्क बांधावा. हे बीजकण श्वासावाटे फुफ्फुसांत गेल्यास काही जणांना खोकला व दमा यांचा त्रास होतो.

एवढे करूनही आवाज उरला तर तो ज्या वाटेने बाहेर पडतो तिकडे वळावे. पंख्याचे तोंड शेजारच्या खिडकीकडे असेल तर ते परसाच्या मोकळ्या बाजूस फिरवावे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. तेही जमण्यासारखे नसेल तर पंख्याच्या बाहेरील बाजूस जाड प्लायवूडची पेटी करावी. तिच्यात हवेला एक-दोन वळणे घ्यावयास लावावीत आणि आतून रॉकवूलचे अस्तर पातळ, सच्छिद्र कापडाखाली बसवावे. वाट कोठेही पंख्याच्या तोंडापेक्षा अरुंद होऊ देऊ नये. आपल्या दमट हवेत अस्तर भिजते व त्यावर बुरशी धरते. म्हणून ते काढून वाळविता येईल, बदलता येईल, असे असावे. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटविण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. त्यांनी आवाज अडत नाही. उलट ओलीने बुरशी आणि ठिणगीने आग यांना मात्र आमंत्रण मिळते.

आता कायद्याविषयी. केंद्र शासनाच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. घोषित शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे 50 व 40 आहे. मोबाइल फोनवरील मापक अगदी अचूक नसतो, परंतु दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा फरक पाहण्यास तो उपयोगी पडतो. माप शेजाऱ्याच्या खिडकीपाशी, शक्यतो त्याच्या समक्ष, घ्यावे. मापासाठी आपण होऊन त्याच्या दारी गेलो, एवढ्यानेच निम्मा राग निवळतो.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, अशी तक्रार आल्यास खोली बंद करा असे सांगण्यापूर्वी पंख्याचा वेग, हवेची वाट आणि पंख्याचे तोंड या तीन गोष्टी समक्ष पाहाव्यात. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून अंतर व आवाज यांचा संबंध मोजून घ्यावा. पुस्तकातील ध्वनीचा धडा गावातच शिकविता येईल. आणि उत्पादक बंधु-भगिनींना एवढेच सांगणे की, नवी खोली बांधण्यापूर्वीच शेजाऱ्याला बोलवावे, पंखा कोठे बसणार ते त्याला दाखवावे आणि त्याचे म्हणणे ऐकून मगच भिंतीला भोक पाडावे. भोक पाडल्यानंतर पंखा फिरविण्याचा खर्च मोठा असतो. त्यापूर्वी जागा बदलण्यास काहीच खर्च लागत नाही.