पहाट कोणाची?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषण)



पोटगी, रेशन आणि हिंसाचार यांच्या जोडीला ‘लांब पल्ल्याचे धावणे’ हा विषय बघून काहीजणी हसल्या. दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी धावायला कशाला लावता, असे त्यांचे म्हणणे. ते रास्तच आहे.

पण बाईच्या दमाविषयी शंका घेणारे कोण होते ते पाहा. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. त्यांना हे झेपत नाही असे ठरवून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. बायकांची मॅरेथॉन तर १९८४ मध्ये आली. डोक्यावर हंडा घेऊन रोज मैलभर चालणारीला मात्र ‘झेपेल का’ असे कोणी विचारले नाही. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी पाणी आणायला अनवाणी जायची. तिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले.

बारामतीच्या लता करे साठीच्या पुढे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते. त्यांच्यावर सिनेमा निघाला, कौतुक झाले. मला मात्र आधी राग येतो. औषधपाण्यासाठी म्हातारीला शर्यत जिंकावी लागते, यात कौतुक कसले? शिवाय तेही धावणे दुसऱ्यासाठीच.

आमच्या नागपूरच्या वस्तीतल्या अकरा जणींनी स्वतःसाठी धावायचे ठरवले. आधी रक्त तपासले. चौघींचे हिमोग्लोबिन इतके कमी होते की त्यांना आधी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि नुसते चालायला सांगितले. बाकीच्या एक मिनिट धावत, दोन मिनिटे चालत. बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे, धाप लागली की चालायचे. दर आठवड्याला अंतर थोडेसेच वाढवायचे. मोठी धाव रविवारी ठेवा, असे जाणकार सांगतात. पण रविवारी घरातली सगळी माणसे घरी, म्हणजे बाईला दुप्पट काम! आम्ही बुधवार धरला. दोघींचे गुडघे दुखायचे, त्यांनी सायकल घेतली.

खरी अडचण वेळेची झाली. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, सकाळी सातलाच ऊन चटके देते. म्हणून पाचला निघायचे. पण पाचला अंधार. ऊन म्हणते लवकर नीघ, घरचे म्हणतात उजाडल्यावर जा. मग आम्ही एकेकीच्या दारावरून जाऊन तिला सोबत घेऊ लागलो. एकीचा नवरा ‘रक्षणासाठी’ मोटरसायकलवर मागे येऊ लागला. त्याला म्हटले, भाऊ, एवढे जागेच असता तर कणीक मळून ठेवा. ती तीन आठवडे आली नाही. मग आली. घरी काय ठरले ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

चार महिन्यांनी सहा जणींनी अंबाझरीच्या बाजूला दहा किलोमीटर पूर्ण केले. पदक नाही, फोटो नाही. कसे वाटले विचारले, तर एक म्हणाली, ‘‘ताई, दीड घंटा मले कोनी आवाज देल्ला नाही.’’

घरच्यांचा विरोध खरे तर या दीड तासाला असतो. पाणी भरायला, दळण आणायला बाई कितीही लांब गेली तरी चालते.

एक काम मात्र राहिले आहे. त्या रस्त्यावरच्या मुतारीला पहाटे कुलूप असते आणि दिवे बंद असतात. पाळीच्या दिवसांत तर निम्म्या जणी घरीच थांबतात. महापालिकेला द्यायचे निवेदन लिहून आणले आहे. चहाच्या सुटीत वाचा, सह्या करा आणि आपापल्या वस्तीतली कुलपेही त्यात लिहा.