होडीला छोटी मोटर : कर्ज घेण्याआधी

(राजूर येथील मासिक सभेत क्षेत्र समन्वयक यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कर्जाचे जे अर्ज आलेत, त्यातल्या एकावर मला जरा जास्त बोलायचंय. भंडारदऱ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका गटाने होडीला मोटर बसवायला पैसे मागितलेत. १५ हॉर्सपॉवरची. अर्ज वाचून मी आधी नाही म्हणणार होते. मग मला एप्रिलमधला दिवस आठवला.

त्या दिवशी मी याच गटातल्या एका ताईंबरोबर होडीतून शेंडीला गेले होते. सकाळी पाणी आरशासारखं होतं, आम्ही गप्पा मारत पोहोचलो. मासे दिले, तेल-मीठ घेतलं. परत निघालो तेव्हा दुपार झाली होती आणि घाटाकडून वारा सुटला होता. तुम्हाला तो वारा माहीत आहे. दोन वल्ही मारावीत तर होडी एक वल्हं मागे. जायला एक तास लागला होता, यायला साडेतीन लागले. ताईंच्या तळहाताला फोड आले. आणि अंगावर आम्हा दोघींच्याही लाइफ जॅकेट नव्हतं. मी सोशल वर्क शिकले, पोहायला काही शिकले नाही. काठाला लागेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, हे माझ्या ओळखीच्या बायकांना सांगूनही खरं वाटणार नाही.

म्हणून मोटरची मागणी चैनीची आहे असं मी म्हणणार नाही. पण कोणती मोटर, कशासाठी आणि कोणाच्या ताब्यात, हे आज बोलू.

आधी कशासाठी. मोटर लावल्याने जाळ्यात मासे वाढत नाहीत. कटला, रोहू जेवढे लागायचे तेवढेच लागतात. मोटर वेळ वाचवते आणि वाऱ्यात घरी आणते. आता हिशोब मांडू. हे आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. छोटी मोटर ७० हजारांची धरली, महिना १ टक्का व्याज आणि २४ हप्ते, तर पहिला हप्ता साधारण ३,६०० रुपये. दोन-अडीच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण जोरात चालवली तर तासाला साधारण एक लिटर पेट्रोल खाते. महिन्यात २० दिवस, जाता-येता दोन तास चालवली तर १०५ रुपये भावाने ४,२०० रुपये. म्हणजे महिन्याला ७,८००, दिवसाला ३९०. व्यापाऱ्याने किलोला १०० दिले तर रोजचे जवळपास चार किलो मासे नुसते मोटरला गेले.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेने बघा. सकाळी पाणी शांत असतं, तेव्हा वल्ह्यानेच जायचं. मोटर फक्त परतताना, वारा उलटा असेल तेव्हा. पेट्रोल निम्म्यावर येतं, रोजचा खर्च २८५ होतो. तरी तो खर्च आहेच. पण दुपारचे दोन-अडीच तास सुटले तर त्यात काय होईल, ते ताईंनी सांगायचं. हिरड्याच्या दिवसात हिरडा होईल, जाळी दुरुस्त होतील, किंवा नुसती पाठ टेकता येईल. पाठ टेकण्याचा भाव कोणी वहीत लिहीत नाही, मी म्हणते लिहा.

आता १५ हॉर्सपॉवरचं. ही कल्पना पर्यटकांच्या लाँच बघून आली असावी. आपली होडी १५-१६ फुटांची आणि चपट्या बुडाची. माणसं आणि मासे भरल्यावर ती पाणी कापत तासाला नऊ-दहा किलोमीटर जाते. त्यापुढे जोर लावला की नाक वर येतं, मागची बाजू खाली बसते आणि मागून पाणी आत येतं. शिवाय वजन! अडीच हॉर्सपॉवरची हलकी मोटर १३-१४ किलोची असते, एका बाईला काखेत मारून काठ चढता येतो. उन्हाळ्यात आवर्तन सुटलं की पाणी किती खाली जातं आणि चिखलाचा काठ किती लांब होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. १५ हॉर्सपॉवरचं धूड तिथून कोण वर आणणार?

केरळात समुद्रावरच्या पारंपरिक होड्यांना १९८० नंतर अशा बाहेरून लावायच्या मोटरी आल्या. आधी सात-आठ हॉर्सपॉवरच्या, मग शेजाऱ्याने मोठी घेतली म्हणून आपणही मोठी. पुढे एकाच होडीला दोन-तीन. मासे तेवढेच राहिले, इंधनाचं बिल आणि उधारी वाढली. आपण त्या शर्यतीत उतरायचं नाही.

बसवताना एवढं बघा. मागची फळी जाड हवी आणि ती नटबोल्टने आवळलेली हवी, खिळ्यांवर भरवसा नको. मोटर निसटलीच तर बुडू नये म्हणून वेगळ्या दोरीने होडीला बांधायची. मागे मोटर आणि माणूस बसला की माशांचा क्रेट पुढे सरकवायचा. जाळ्याजवळ आल्यावर मोटर बंद करून वर उचलायची, नाहीतर नायलॉन पंख्यात अडकतं आणि मोटर व जाळं दोन्ही जातात. पदर कमरेला घट्ट खोचायचा. फोर-स्ट्रोक घ्या. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, त्यातलं काही धुराबरोबर पाण्यात जातं, आणि तेच पाणी आपण पितो. वल्ही मात्र होडीतून कधीच काढायची नाहीत. मोटर मधेच बंद पडली तर तीच घरी आणतील.

मोटरला एक लाल दोरी असते. एक टोक मोटरला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि मोटर थांबते. ती क्लिप लावल्याशिवाय मोटर चालतही नाही. आता मला जे बोलायचंय ते जरा कडू आहे. आपल्याकडे कर्ज ताईच्या नावावर असतं आणि वस्तू दादांच्या ताब्यात. हप्ता चुकला की गटात मान खाली ताईची. म्हणून माझी विनंती आहे की बिल गटाच्या नावाने घ्या, चालवायला दोन ताई शिका, आणि ही लाल दोरी रात्री ताईंच्या डब्यात ठेवा. दादांनी मोटर चालवू नये असं मी म्हणत नाही. मागून न्यावी.

परवानगीचं लवकर सांगते. धरण जलसंपदा खात्याचं आहे, मासेमारीचं काम मत्स्यव्यवसाय खातं बघतं, आणि वरच्या बऱ्याच वाड्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. तिन्हीकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी "चालतंय" वर ७० हजार टाकायचे नाहीत. मत्स्य खात्यात गेलात की २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचंही विचारा. तिच्यात महिलांना आणि अनुसूचित जमातींना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे आणि बर्फाच्या पेटीसारख्या वस्तूही येतात. मला तर वाटतं, काही गटांना मोटरपेक्षा बर्फाची पेटी जास्त पैसे देईल. मासा ताजा राहिला तर व्यापाऱ्यापुढे घाई करावी लागत नाही.

तर या अर्जाबद्दल माझं म्हणणं असं : आज नामंजूर करू नका, मंजूरही करू नका. गटाने १५ दिवस वही ठेवावी. किती वाजता निघालो, किती वाजता परतलो, वारा होता की नव्हता, किती किलो, काय भाव. ती वही घेऊन पुढच्या सभेला या आणि अडीच हॉर्सपॉवरचा नवा अर्ज द्या. आणि लाइफ जॅकेटांसाठी तोपर्यंत थांबायचं नाही. होडीत बसणाऱ्या प्रत्येकीला एक, त्याचा ठराव आजच घ्या. मी सूचक म्हणून सही करू शकत नाही, नाहीतर पहिली सही माझीच असती.