ज्योत हातोहात
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



19 फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, माहुली गडाच्या पायथ्यापासून शिवज्योत घेऊन आपण सोसायटीपर्यंत धावत आलो. त्याबद्दलच दोन शब्द.

माहुली हा ठाणे जिल्ह्यातला किल्ला. 1636 साली इथेच शहाजीराजांना वेढा पडला आणि निजामशाही संपली. 1665 च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला. 1670 मध्ये तो परत घेताना पहिला हल्ला फसला. पण त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकलाच.

आपली दौड काही फार लांबची नाही. पण हातात मशाल धरून धावताना चांगल्या चांगल्यांना दम लागतो. म्हणून ज्योत एकाकडे राहत नाही. एकाचा वेग मंदावला की शेजारचा न सांगता हात पुढे करतो. एरवी पहाटेची लोकल गाठताना आपण जिन्यात नुसती मान हलवतो. त्या दिवशी एकमेकांची नावं कळली!

एक विनंती मात्र आहे. फेब्रुवारीत रानातलं गवत वाळलेलं असतं, ठिणगीनेही वणवा पेटतो. तेव्हा ज्योत डांबरी रस्त्यावरच पेटवू, सोबत पाण्याचे कॅन ठेवू आणि रिकाम्या बाटल्या परत आणू.

पुढच्या वर्षी गेटपासून पटांगणापर्यंतचा शेवटचा टप्पा ज्येष्ठांनी घ्यावा. चालत आलात तरी चालेल. पंचवीस वर्षं सोसायटीही अशीच हातोहात इथवर आली आहे. तरुणांनो, आता हात पुढे करा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!