वस्तीचा हक्क आणि झुडपीचा हक्क



आम्ही राईस मिलमध्ये पोती उचलणारी माणसं. कायदा शिकलो तो वाचून, विचारून. आज बोलायचे आहे ते जागेबद्दल.

आपल्यातले काही म्हणतात, इतकी वर्षे राहिलो, घरटॅक्स भरला, मग जागा आमचीच. दुसरे म्हणतात, जागा सरकारची, हटवा वस्ती! दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रोजीरोटीचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. पण फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, रीतसर नोटीस देऊन तो मोकळा करता येतो, असेही त्याच निकालात आहे.

आपल्याकडचा पेच झुडपी जंगलाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसूल दप्तरी अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. त्यांवर घरे, शाळा, सरकारी कचेऱ्यासुद्धा झाल्या. जंगल सर्वांचे, घर एका कुटुंबाचे, मोठे कोण? २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : झुडपी हे जंगलच. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागा वनयादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी. त्यानंतर वाटलेल्या जागांचा विचार, वाटणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्यावरच.

म्हणजे सारे एका तारखेवर आणि एका कागदावर आले. श्रीमंताचा कागद तिजोरीत असतो जी, गरिबाचा पेटीत वाळवी खाते. कागदावरच न्याय तोलायचा असेल, तर सरकारनेही आपली जुनी दप्तरे गरिबासाठी उघडली पाहिजेत. नाही तर तराजू एकाच बाजूला झुकेल.

म्हणून विनंती आहे. घरटॅक्सची पावती राहण्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातून पट्टा, सातबारा, आखीव पत्रिकेच्या नकला काढा. विहाराच्या जागेचाही कागद समितीने पाहावा. घर पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस हवी, असा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा आहे; पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव येथील अनधिकृत बांधकामाला तो लागू नाही. तेव्हा नाल्यावर, रस्त्यावर ओटा वाढवू नका. शेजाऱ्याची वाट अडवून आपला हक्क मागता येत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!